टॉवेल कारखान्याचे तीन सर्व्हर एका पेटीत: पहिल्या यादीपासून रिस्टोअरच्या तालमीपर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी पहिल्यांदा सर्व्हरचं झाकण उघडलं, तेव्हा आत प्रोसेसरच दिसेना. पंख्यावर, हीटसिंकच्या पात्यांत, रॅमच्या पट्ट्यांमध्ये रुईचा इतका जाड थर बसला होता की नखाने धरून ओढला तर गोधडीच्या अस्तरासारखा सलग निघून आला. मे महिना, बाहेर ४३ अंश. मदरबोर्ड जळाला होता. हार्ड डिस्क मात्र ठणठणीत, डेटा शाबूत. पण ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडायची. तसाच मदरबोर्ड मिळेपर्यंत चार दिवस गेले. चार दिवस सुताचा स्टॉक वहीवर, चलनं हाताने, आणि मालक माझ्या तोंडाकडे बघत: "अहो, डेटा आहे म्हणता ना? मग चालू का होईना?"

आपल्याकडे चादरीचा माग ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना याचं उत्तर लगेच कळेल. जेकार्डवर नक्षी मागात नसते, ती भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेत असते. माग मोडला तर माळ उतरवून शेजारच्या मागावर चढवायची, तीच नक्षी पुन्हा विणायला सुरुवात. त्या कारखान्याच्या सर्व्हरचं दुखणं असं की त्याची नक्षी मागालाच खिळे ठोकून बसवली होती. विंडोज त्या एका मदरबोर्डशी, त्या एका डिस्क कंट्रोलरशी बांधलेलं. व्हर्च्युअलायझेशनमध्ये हे खिळे काढले जातात. लोखंडी पेटीवर हायपरव्हायझर नावाचा एक पातळ थर बसतो, तो वर चालणाऱ्या प्रत्येक विंडोजला किंवा लिनक्सला एक ठरावीक, काल्पनिक मशीन (व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच व्हीएम) दाखवतो, आणि ते सगळं मशीन डिस्कवरच्या एखाद-दोन फाइलींत मावतं. पेटी कुठल्याही कंपनीची असो, आतल्या विंडोजला तोच काल्पनिक मदरबोर्ड दिसत राहतो.

कल्पना नवी नाही. आयबीएमने मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ साली जाहीर केली होती. साध्या पीसीवर हे आणलं १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच त्याची सोय दिली, २००७ मध्ये केव्हीएम हे व्हर्च्युअलायझेशनचं साधन लिनक्सच्या गाभ्यात आलं, २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही. म्हणजे हे आता चांगलं मुरलेलं तंत्र आहे. मोठ्या कंपन्यांचं खूळ म्हणून बाजूला ठेवण्याचे दिवस कधीच गेले.

कोणी या भानगडीत पडू नये तेही सांगतो. नवी पेठेत दुकान आहे, एकच टॅली, दोन माणसं, बाकी कामं मोबाइलवर: तुम्हाला याची गरज नाही. एक बरा पीसी, यूपीएस आणि रोजचा बॅकअप एवढं पुरे. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे दोनपेक्षा जास्त मशीन "सर्व्हर" म्हणून रात्रंदिवस चालू आहेत आणि त्यातलं एक तरी असं आहे की ज्याला हात लावायला सगळे घाबरतात.

आधी यादी, मग खरेदी

बहुतेक जण पहिल्या दिवशी कोटेशन मागवतात. मी सांगतो, आधी आठवडाभर वही घेऊन फिरा.

वर म्हटलेल्या कारखान्यात यादी अशी निघाली. एक, टॅलीचं मशीन, सहा जण एकाच वेळी वापरणारे. दोन, जुना ईआरपी: सुताची आवक, मागांचं उत्पादन, पॅकिंग, सगळं एका स्थानिक प्रोग्रामरने लिहिलेलं, विंडोज सर्व्हर २००८ आर२ वर एसक्यूएल सर्व्हर. तो प्रोग्रामर आता पुण्यात, फोन क्वचित उचलतो. तीन, हजेरीच्या अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर, एका जुन्या विंडोज १० पीसीवर. चार, शेअर केलेलं फोल्डर, जे टॅलीच्याच मशीनवर होतं आणि ज्यात टॉवेलच्या डिझाइनपासून मालकांच्या मुलाच्या लग्नाच्या फोटोंपर्यंत सगळं होतं.

प्रत्येकापुढे पाच गोष्टी लिहा: ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, रॅम आणि डिस्क प्रत्यक्षात किती वापरली जाते, लायसन्स कशाला बांधलेलं आहे, यूएसबीला काय लावलंय, आणि हे बंद पडलं तर किती वेळ चालेल. पाचवा प्रश्न तांत्रिक माणसाला विचारू नका. तो गेटवरच्या, पॅकिंगच्या आणि हिशेबाच्या माणसाला विचारा. हजेरीचं सॉफ्टवेअर दोन दिवस बंद राहिलं तरी चालतं, कारण अंगठ्याचं मशीन नोंदी स्वतःकडे साठवतं. ईआरपी मात्र दोन तास बंद राहिला की गाडी गेटवर उभी राहते. हे मला कुठल्याही सर्व्हरने सांगितलं नाही, गेटवरच्या कारकुनाने सांगितलं.

वापर मोजायला विंडोजमधला परफॉर्मन्स मॉनिटर आठवडाभर चालू ठेवा, आणि तो आठवडा महिनाअखेरचा असू द्या. तेव्हा दिसेल की १६ जीबी रॅमचं मशीन निम्मी रॅमही वापरत नाही आणि प्रोसेसर दिवसभर पेंगत असतो. त्रास बहुतेक वेळा डिस्कचा निघतो.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग या यादीत घेऊ नका. कॅमेरे चोवीस तास सलग लिहीत असतात. बाकीच्यांची डिस्क त्यात घुसमटते. त्याचा डबा वेगळाच राहू दे.

पेटी किती मोठी

वरच्या यादीसाठी मी मांडलेलं गणित: टॅलीला ८ जीबी रॅम, ईआरपीला १६, हजेरीला ४, फाइल सर्व्हरला ८. झाले ३६. हायपरव्हायझर आणि झेडएफएस (डिस्क सांभाळणारी फाइल सिस्टीम) यांसाठी आणखी ८ ते १० बाजूला ठेवा. म्हणून ६४ जीबीची पेटी. प्रोसेसर ८ कोअरचा पुष्कळ. प्रोसेसर थोडा जास्त वाटून दिला तरी चालतं, कारण सगळे एकदम पळत नाहीत. रॅम मात्र आहे त्यापेक्षा जास्त वाटू नका. ती संपली की सगळेच एकदम रांगायला लागतात.

डिस्कवर कंजुषी करू नका, हे मी दोनदा पोळून शिकलोय. दुकानात मिळणारी साधी एसएसडी लॅपटॉपसाठी ठीक असते. सर्व्हरसाठी एंटरप्राइझ वर्गातली घ्या. तिच्यात वीज अचानक गेली तर हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरती ताकद कपॅसिटरमध्ये राखलेली असते आणि ती लिखाणाचा ताणही कितीतरी जास्त सोसते. ९६० जीबीच्या दोन घ्या आणि आरशासारख्या एकमेकींची प्रत ठेवतील अशा लावा. म्हणजे रेड १. रॅम ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका पकडून दुरुस्त करणारी असावी.

आता खरा मुद्दा. तीन मशीन एका पेटीत आणली म्हणजे एक पेटी मेली की तिन्ही बंद. हा आक्षेप मालक घेतातच आणि तो अगदी बरोबर आहे. म्हणून माझा आग्रह असा की सगळे पैसे एका भारी पेटीत घालू नका. दोन मध्यम पेट्या घ्या: एक काम करायला, दुसरी बॅकअप साठवायला आणि वेळ आली तर तीच व्हीएम उचलून चालवायला. दुसरी जुनी असली तरी चालेल. ३२ जीबी रॅम भरा, मोठी डिस्क लावा. वीजबिलाची बचत हा फुकटचा लाभ समजा. १५० वॉटची तीन मशीन वर्षभर चालली तर ३,९४२ युनिट, २०० वॉटचा एक सर्व्हर १,७५२. दुसरी पेटी चालू ठेवली की त्यातलं बरंचसं परत जातं, म्हणून त्या आकड्यावर कोणाला भुलवू नका.

जागा आणि वीज

सर्व्हर मागांच्या शेडच्या भिंतीला लागून ठेवू नका, मग मधे कितीही काच असू दे. रुई दारातून, केबलच्या भोकातून, माणसांच्या कपड्यांवरून आत येते. ऑफिसच्या बाजूची छोटी खोली, एसी, आणि एसीला दर महिन्याला जाळी धुणारा माणूस. दर तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, तोही मशीन बंद करून आणि पंखा बोटाने धरून. हवेच्या झोताने पंखा भिंगरीसारखा फिरू दिला तर त्याचं बेअरिंग जातं.

यूपीएस ऑनलाइन प्रकारचा घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरीची खोली हेही एक प्रकरण आहे: लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. जिन्याखाली, पत्र्याच्या आडोशाला ठेवलेल्या बॅटऱ्या दीड-दोन वर्षांत बसतात त्या याच कारणाने. आणि यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडलेली हवी. मी पाहिलेल्या दहांपैकी आठ ठिकाणी ती खोक्यातच पडलेली असते. ती जोडून नट हे सॉफ्टवेअर बसवलं की बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर स्वतःच सगळी व्हीएम नीट बंद करून झोपतो. नाहीतर रात्री दोनला लाइट जाते, साडेतीनला बॅटरी संपते, आणि सकाळी एसक्यूएलचा डेटाबेस "सस्पेक्ट" म्हणून लाल झालेला असतो.

कोणता हायपरव्हायझर

व्हीएमवेअर वर्षानुवर्षं पहिलं नाव होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली, कायमस्वरूपी लायसन्स बंद करून वर्गणी सुरू केली. फुकटचं ईएसएक्सआय (त्यांचा हायपरव्हायझर) फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये परत आलं. पण त्या फुकट आवृत्तीवर नेहमीची बॅकअप सॉफ्टवेअरं चालत नाहीत, आणि बॅकअप नसेल तर आपल्या दृष्टीने सगळाच खेळ वाया. छोट्या कारखान्याने आज नव्याने त्या वाटेला जावं असं मला वाटत नाही.

हायपर-व्ही विंडोज सर्व्हरसोबतच येतं. ते लायसन्स तुम्ही घेणारच असाल आणि तुमचा माणूस विंडोजचाच असेल तर खुशाल घ्या, काही वाईट नाही. मी स्वतः प्रॉक्समॉक्स बसवतो. डेबियन लिनक्सवर उभं आहे, व्हिएन्नातली कंपनी २००८ पासून चालवते, आत केव्हीएम आहे, लायसन्सचे पैसे नाहीत, बॅकअपची सोय पोटातच. मदत हवी असेल तर वर्गणी भरता येते. पुढच्या पायऱ्या प्रॉक्समॉक्सच्या आहेत, पण क्रम कुठेही हाच राहील.

विंडोजच्या लायसन्सबद्दल थोडं स्पष्ट बोलू, कारण इथे विक्रेतेही गोल बोलतात. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं एक पूर्ण लायसन्स, म्हणजे किमान १६ कोअरचं, त्या पेटीवर विंडोज सर्व्हरची दोन व्हीएम चालवायला परवानगी देतं. तिसरं हवं तर पेटीचे सगळे कोअर पुन्हा एकदा लायसन्स करावे लागतात. वापरणाऱ्या माणसांसाठी कॅल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचे परवाने, वेगळे. रिमोट डेस्कटॉपने सहा जण टॅली चालवणार असतील तर त्याचे आणखी वेगळे. फुकटात मिळतात ती फक्त दोन कनेक्शन, तीही देखभालीसाठी. जुन्या पीसीबरोबर आलेलं ओईएम विंडोज त्या पीसीबरोबरच संपतं, ते व्हीएममध्ये नेता येत नाही. हा खर्च कोटेशनमध्ये पहिल्या दिवशी दिसला पाहिजे.

बसवणं

हे त्यामानाने सोपं. पेटीच्या बायोसमध्ये जाऊन इंटेल असेल तर व्हीटी-एक्स, एएमडी असेल तर एसव्हीएम चालू आहे का बघा. तिथेच वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं अशी निवड करा. प्रॉक्समॉक्सची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरची फाइल, पेनड्राइव्हवर लिहा, त्यावरून बूट करा. डिस्क निवडायच्या पडद्यावर ऑप्शन्स दाबून झेडएफएस रेड १ घ्या आणि दोन्ही एसएसडी निवडा. पेटीत हार्डवेअर रेड कार्ड असेल तर ते आधी एचबीए मोडमध्ये टाका. झेडएफएसला डिस्क थेट दिसल्या पाहिजेत. मधे रेड कार्ड बसलं की डिस्कच्या तक्रारी त्याच्या कानावर येतच नाहीत. यजमान मशीनचं नाव विचारपूर्वक द्या, नंतर बदलणं कटकटीचं आहे. आयपी पत्ता कायमचा द्या.

मग दुसऱ्या कुठल्याही पीसीच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून तो आयपी आणि ८००६ हा पोर्ट टाका. सर्टिफिकेटचा इशारा येईल, पुढे जा. लॉगिन झाल्यावर वर्गणी नाही अशी पाटी येते. एका मालकाने ती बघून मला रात्री फोन केला होता, "पायरेटेड टाकलंय का हो?" नाही. ओके दाबायचं. फक्त रिपॉझिटरीच्या यादीत एंटरप्राइझवाली बंद करून बिनवर्गणीची चालू करा, नाहीतर अपडेट घेताना ४०१ ची चूक येत राहील.

नवं व्हीएम बनवताना तीनच ठिकाणी थांबा. डिस्कला व्हर्टआयओ स्कझी (व्हीएमसाठीच बनवलेला वेगवान काल्पनिक डिस्क कंट्रोलर) निवडा आणि विंडोज टाकताना व्हर्टआयओची ड्रायव्हर आयएसओ दुसऱ्या सीडीत जोडून ठेवा, नाहीतर विंडोजला डिस्कच दिसणार नाही. प्रोसेसरच्या प्रकारात "होस्ट" घेण्याचा मोह टाळा, सर्वसाधारण प्रकार राहू द्या. आपल्याला हे व्हीएम उद्या वेगळ्या प्रोसेसरच्या पेटीवर न्यायचंय. आणि क्यूईएमयू गेस्ट एजंट आत बसवा, त्याशिवाय बॅकअपच्या क्षणी डेटाबेस नीट थबकत नाही.

जुना सर्व्हर उचलून आणणं

इथे वेळ काढा. टॅली आणि फाइल सर्व्हर नव्या व्हीएममध्ये नव्याने बसवावेत, जुना कचरा उचलून आणू नये. पण ईआरपीसारखं मशीन, ज्याचा इन्स्टॉलर कोणाकडे नाही, ते आहे तसंच उचलावं लागतं.

दिवस निवडताना पंचांग बघा, जीएसटीचं. ११ तारखेच्या आणि २० तारखेच्या आसपास हात लावू नका, पगाराच्या आठवड्यातही नको. मी हे काम एकदा संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेत केलं. अर्धं शहर नंदीध्वजांच्या मागे होतं, कारखान्यात मी आणि वॉचमन.

आधी एसक्यूएलच्या डेटाबेसचा वेगळा बॅकअप काढून तो दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मग त्या जुन्या मशीनवर मायक्रोसॉफ्टचंच डिस्क२व्हीएचडी हे छोटं साधन चालवा. ते चालू विंडोजची पूर्ण प्रत एका व्हीएचडीएक्स फाइलीत काढतं. ही फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. प्रत काढण्याआधी ईआरपीची सर्व्हिस बंद करा, म्हणजे मधल्या वेळात कोणी नवी नोंद करणार नाही.

प्रॉक्समॉक्सवर एक रिकामं व्हीएम बनवा. जुनं मशीन लेगसी बायोसवर असेल तर इथेही सीबायोस, यूईएफआय या नव्या पद्धतीवर असेल तर ओव्हीएमएफ. हे चुकलं तर काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ, बाकी काही नाही. मग शेलमध्ये क्यूएम, डिस्क, इम्पोर्ट हे तीन शब्द, पुढे व्हीएमचा क्रमांक, फाइलीचा मार्ग आणि स्टोरेजचं नाव. संपल्यावर व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये ती "न वापरलेली डिस्क" म्हणून दिसेल. तिच्यावर दोनदा क्लिक करून जोडा.

आणि इथेच तो जुना निळा पडदा वाट बघत असतो. डिस्क थेट व्हर्टआयओ म्हणून जोडली तर विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नाही, ७बी ची चूक देऊन ते बंद पडतं. युक्ती अशी: पहिल्या वेळी डिस्क आयडीई म्हणून जोडा आणि बूटच्या क्रमात ती वर घ्या. जोडीला एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ म्हणून लावा. विंडोज सुरू झालं की त्या रिकाम्या डिस्कसाठी ड्रायव्हर मागेल, तो द्या. २००८ आर२ साठी व्हर्टआयओची जुनी आयएसओ शोधावी लागते, नव्या आवृत्तीत या विंडोजचे ड्रायव्हर नाहीत. आता बंद करा, मुख्य डिस्क व्हर्टआयओवर आणा, बूटचा क्रम पुन्हा तपासा, रिकामी काढून टाका. वेग जाणवण्याइतका बदलतो.

पुढचा खड्डा आयपीचा. जुना पत्ता नव्या नेटवर्क कार्डाला द्यायला गेलात की विंडोज म्हणतं हा पत्ता दुसऱ्या कार्डाकडे आहे. ते कार्ड तर जुन्या पेटीत राहिलं! डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा, फिकट दिसणारं जुनं कार्ड काढून टाका, मग पत्ता लागतो. जुन्या पेटीची नेटवर्क केबल त्याआधी काढून ठेवा, नाहीतर एका नावाचे दोन सर्व्हर एकाच नेटवर्कवर भांडत बसतील.

विंडोज सर्व्हर २००८ आर२ चा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपलाय. व्हीएममध्ये नेल्याने त्याची जुनी भोकं बुजत नाहीत. त्याला इंटरनेट देऊ नका; फायरवॉलमध्ये फक्त कारखान्यातल्या ज्या मशीनना लागतो त्यांनाच रस्ता ठेवा. जुनी पेटी किमान महिनाभर तशीच, न पुसता, कपाटात.

टॅली, डोंगल आणि बाकीचे

टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं. जुन्या मशीनवरून आधी ते सरेंडर करा, मग व्हीएममध्ये नव्याने चालू करा. क्रम उलटा झाला की फोनाफोनी आलीच. व्हीएमच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता नंतर बदलू नका. यूएसबी डोंगल (काही सॉफ्टवेअरच्या लायसन्सची चावी) व्हीएमला थेट देता येतो, पण तो पोर्टनुसार न देता उपकरणाच्या ओळखीनुसार द्या, म्हणजे सफाईवाल्याने एका भोकातून काढून दुसऱ्यात लावला तरी चालेल. डिजिटल सहीचं टोकन मात्र सर्व्हरला लावूच नका. ते ज्याचं त्याच्या खिशात.

सुरू होण्याचा क्रमही ठरवा: आधी फाइल सर्व्हर, मग एसक्यूएलवालं, दोन मिनिटांनी बाकीचे. वीज येऊन पेटी एकदम उठते तेव्हा या दोन मिनिटांची किंमत कळते.

क्लस्टर, म्हणजे एक पेटी पडली की दुसरी आपोआप घेते, याबद्दल विचारणा होते. दोनच पेट्यांच्या क्लस्टरला बहुमत नसतं. एक पडली की दुसरी मत कमी म्हणून हातावर हात ठेवून बसते. तिसरं मत आणावं लागतं. शंभर-दीडशे माणसांच्या कारखान्याने त्यात पडू नये. तासाभरात हाताने उठवता येतंय ना, मग बास.

बॅकअप

दोन गैरसमज आधी. आरसा केलेल्या डिस्क म्हणजे बॅकअप नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी पुसली जाते. स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणी टिपलेली अवस्था, हाही बॅकअप नाही, तो त्याच डिस्कवर असतो. अपडेट टाकण्यापूर्वी स्नॅपशॉट घ्या, काम झालं की दोन दिवसांत काढा.

दुसऱ्या पेटीवर प्रॉक्समॉक्स बसवा आणि त्यावरच प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरही टाका. पहिल्या रात्री पूर्ण प्रत जाते, नंतर फक्त बदललेले तुकडे, त्यामुळे रोजचं काम काही मिनिटांत उरकतं. रात्री दीडची वेळ लावा. ७ रोजच्या, ४ आठवड्यांच्या, ६ महिन्यांच्या प्रती ठेवा. ही पेटी वेगळ्या इमारतीत ठेवा, गोदामापलीकडच्या ऑफिसात किंवा जिथे केबल जाते तिथे. सुताच्या गोदामाला आग लागते तेव्हा ती शेजारची भिंत विचारत नाही.

त्याशिवाय दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, आठवड्याला आलटून पालटून, एक कायम मालकांच्या घरी. रॅन्समवेअर जोडलेल्या सगळ्या डिस्क कुलूपबंद करतं, तिजोरीतल्या डिस्कपर्यंत त्याचा हात जात नाही. बॅकअप सर्व्हरचा पासवर्ड मुख्य पेटीपेक्षा वेगळा.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कायदाही बघा. इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवणं कंपनी कायद्याखालच्या नियमांनी २०२२ पासून बंधनकारक आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद राखणारी सोय चालू हवी. रात्री दीडच्या बॅकअपची रोज येणारी ईमेल एका फोल्डरमध्ये जमा होऊ द्या. ऑडिटर विचारतो तेव्हा ती दाखवायला बरी पडते.

तालीम

दर तीन महिन्यांनी एकदा, सुट्टीच्या दिवशी. मुख्य पेटी मेली असं धरून चालायचं. तिची नेटवर्क केबल काढायची, दुसऱ्या पेटीवर ईआरपी आणि टॅली रिस्टोअर करायचे, घड्याळ लावून. एक गिगाबिटच्या केबलवरून सेकंदाला साधारण ११० एमबी येतात. ३०० जीबीचं व्हीएम केबलवरून आणायचं तर पाऊण तास. बॅकअप त्याच पेटीच्या डिस्कवर असेल तर वेळ डिस्कवर ठरतो, आणि साधी फिरती डिस्क असेल तर पाऊण तासाच्या वरच जातो. हा आकडा मालकांना आधी माहीत असला की खऱ्या दिवशी दर पाच मिनिटांनी "झालं का?" येत नाही.

रिस्टोअर झालं हे आपण ठरवायचं नाही. पडद्यावर हिरवं आलं म्हणून मी एकदा सामान आवरायला घेतलं होतं. तिथल्या अकाउंटंट काकांनी चष्मा वर करून टॅली उघडली, डेबुक काढलं, आणि म्हणाले, "काल संध्याकाळी पाचला मी सुताचं बिल टाकलंय. ते कुठंय?" नव्हतं. बघितलं तर बॅकअपच्या यादीत टॅलीच्या व्हीएमची दुसरी डिस्क, जिच्यावर डेटा होता, कोणीतरी वगळून ठेवलेली. म्हणजे मीच, डिस्क जोडताना बॅकअपची खूण काढून टाकली होती. रिस्टोअरमध्ये आलं ते जुन्या फोल्डरमधलं दोन महिन्यांपूर्वीचं. जुना डेटा अजून मूळ पेटीवर होता म्हणून निभावलं.

तेव्हापासून कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो: तारीख, कोणतं व्हीएम, किती मिनिटं लागली, आणि शेवटच्या रकान्यात काकांनी स्वतः शोधून काढलेल्या शेवटच्या व्हाउचरचा नंबर, खाली त्यांची सही.